टोपल्यातली शेवटची भाकर

सरिताला साडीनं फसवलं. ड्रेस असता तर शिवणीनं कधीच बोंब मारली असती. परकराची नाडी बिचारी काय बोलणार, पोट वाढलं की सैल बांधून घेते. हातपाय काडीसारखे, त्यामुळं वसमतच्या आमच्या गल्लीच्या हिशोबात सरिता बारीकच.

दवाखान्यातल्या सिस्टरनं मात्र पोटाभोवती टेप धरला, रक्त तपासलं. "साखर काठावर आहे, ताई. पोट उतरवा. तीन महिन्यांनी परत बघू."

सरिताच्या आईच्या पायाचा अंगठा साखरेनंच गेला होता. घरी येताच तिनं एक जुनी नाडी बेंबीवरून फिरवली आणि मापाला गाठ मारली. गाठ आत सरकवायची, एवढंच.

ती रोज पहाटे चालली. चहातली साखर सोडली. दोन महिने झाले, गाठ तिथंच.

"टेपच खोटा आसंल," नवरा प्रमोद म्हणाला. त्याच्या शर्टाच्या गुंड्या जीव मुठीत धरून होत्या, पण तो खात्यापित्या घरचा.

खरी चोरी टोपल्यात होती. सासू जनकाबाईंचा नेम असा, की टोपलं रिकामं झोपवायचं नाही. अवेळी कुणी आलं तर भाकर पाहिजे. कुणी येत नसे. मग ती भाकर, वर ताटांत उरलेला भात, सगळं सरिताच्या पोटात. तिचं जेवण त्याआधीच झालेलं असायचं. हे दुसरं जेवण घरात कुणी मोजतच नव्हतं, तीसुद्धा नाही. एके दिवशी मात्र तिनं मोजलं.

"आत्याबाई, आज पीठ कमी घेते."

"काहून? पाव्हणा आला तर?"

"रोज जेवून राह्यलेला पाव्हणा मीच हाय!"

"बोलायला लागली लई." जनकाबाईंनी परातीत आणखी एक मूठ टाकली.

जेवणं झाली. प्रमोदनं अर्ध्या भातासकट ताट सवयीनं तिच्याकडं सरकवलं. तिनं ते परत सरकवलं.

"माझं पोट भरलं," तो म्हणाला.

"माझंबी."

"अन्नाला न्हाई म्हणू न्हाई!" जनकाबाईंनी ताट ओढलं, त्यात टोपल्यातली ती उरलेली भाकर कुस्करली आणि सुनेकडं डोळे वटारत खायला लागल्या.

सरिता बघत राहिली. तिच्या पोटातून वाचलेला घास सरळ सासूच्या पोटात! तिनं खुंटीवरची नाडी काढली. "हात वर करा." नाडी पोटाभोवती फिरली, पण टोकं भेटलीच नाहीत.

"आखूड हाय ती," भरल्या तोंडानं जनकाबाई म्हणाल्या.

सरितानं त्यांच्यापुढून ताट उचललं. "सोमवारी तुमीबी चला दवाखान्यात."

"आन् ह्या भाताचं काय?"

"तुमच्या लेकाला इचारा. टाकला त्यांनीच."

प्रमोद हात धुवून केव्हाच चपला शोधत होता.