माहेरवाशिणींचा हिशेब

मी एक जुना, लोखंडी, हातानं फिरवायचा हिशेबनीस आहे, मित्रांनो! हसू नका. मला ना वीज लागते ना बॅटरी. आकड्यांच्या खुंट्या सरकवा, हँडल फिरवा आणि बेरजेपासून भागाकारापर्यंत काय हवं ते घ्या. चालताना आवाज जरा जास्तच करतो, म्हणून इंदूरच्या या घरात मला खडखडेबुवा म्हणतात. म्हणोत बापडे!

जन्म माझा सोव्हिएत संघातला. व्होल्गाकाठच्या एका शहरात, सांख्यिकी कार्यालयाच्या टेबलावर माझी उमेदीची वर्षं गेली. शहरात दर हजार माणसांमागे किती जन्मले, किती वारले, हे काढणं माझं काम. मरणं मोजून मोजून जीव मेटाकुटीला यायचा. मग पंचाऐंशी साली तिथल्या सरकारनं दारूला लगाम घातला आणि काय सांगू! मरणारे कमी झाले, जन्मणारे वाढले. कार्यालयातल्या बायका हँडल फिरवता फिरवता हसायच्या. ते सुख फार टिकलं नाही, मरणं पुन्हा वाढली. पण ते दिवस मी पाहिलेत आणि त्याची ऐट मला आजही आहे.

पुढे विजेवरची यंत्रं आली आणि मला भंगारात काढायचं ठरलं. तिथे शिकायला आलेल्या इंदूरच्या कृष्णरावांनी मला मागून घेतलं. बॅगेत जागा व्हावी म्हणून त्यांनी आपले गरम कोट मित्रांना वाटून टाकले. त्यांची लेक नीरजा माझ्याच खुंट्यांवर आकडे शिकली. मग लॅपटॉप आला आणि मी गेलो कपाटावर, धूळ खात. वाईट वाटलं, का नाही वाटणार?

नीरजा आता कॉलेजात शिकवते. पीएचडीला तिनं विषय घेतला तो जणू माझाच: तेव्हाच्या सोव्हिएत शहरांतले जन्म-मृत्यू आणि शेजारी आजचं इंदूर. इंदूरचा जन्मदर वाढतोय, असा तिचा निष्कर्ष होता. तिचे मार्गदर्शक खूश होते. प्रबंध छापायला जायचाच बाकी होता. पण या घरची एक रीत आहे. चार लोकांत मांडायचा आकडा आधी हातानं फिरवून बघायचा.

"बेटा, कंप्यूटर तर झटकन सांगून देतो," कृष्णराव म्हणाले. "बुवाला फिरवताना माणूस थांबतो, सोचतो."

नीरजानं मला पुसलं, तेल घातलं. अहाहा! एकेका रुग्णालयाचे जन्म ती माझ्यावर चढवू लागली. तुकोगंजच्या एका प्रसूतिगृहाचा आकडा लावला आणि तिचा हात थबकला. समोर तिची धाकटी बहीण क्षितिजा पाय पसरून बसली होती. ती पुण्याला दिलेली, पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती आणि नाव त्याच प्रसूतिगृहात घातलं होतं.

"क्षिती, तुझं बाळ तर मी इंदूरचं धरून राहिले आहे! अन् तू राहतेस पुण्याला."

"तर काय झालं? माझ्यासारख्या कितीतरी येतात."

"तेच तर! बाळं सगळ्यांची धरली अन् भागलं फक्त इथल्या वस्तीनं!"

व्होल्गाकाठच्या आमच्या त्या कार्यालयात बाई कुठेही बाळंत होवो, जन्म ती राहते तिथलाच धरायचे. प्रबंधात नीरजानं हा नियम स्वतः लिहिला होता. बाळंतपणाला माहेरी यायची आपल्याकडची पद्धत मात्र तिच्या नजरेतून सुटली.

"ताई, रहने दे ना," क्षितिजा म्हणाली. "कोण बघतंय? इतकी वर्षं घातलीस, आता नापास केलं म्हणजे?"

नीरजाचे डोळे भरून आले. "मी बघितलं ना, क्षिती."

तिनं छपाई थांबवली. रुग्णालयांतून आयांचे राहते पत्ते मिळवले. इंदूरच्या ज्या सुना दुसऱ्या गावी माहेरी बाळंत झाल्या होत्या, त्यांचाही घरोघरी तपास केला. मग आम्ही दोघं पुन्हा बसलो. खडखड, खडखड! वाढ कुठच्या कुठे गेली; दरवर्षी वाढत होत्या त्या बाळंतपणाला येणाऱ्या माहेरवाशिणी. इंदूरचा जन्मदर घटत होता. मार्गदर्शक चांगलेच वैतागले.

तोंडी परीक्षेला ती मला सोबत घेऊन गेली. परीक्षक यशोधन सर नाशिकहून आले होते. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं.

"मॅडम, तुमच्या मार्गदर्शकांनी मला आधी पाठवलेल्या मसुद्यात जन्मदर वाढत होता. आता घटतोय. मी खरं काय मानू?"

नीरजा उभी राहिली. "सर, आधी मी चुकले होते." तिनं माहेरवाशिणींची सगळी गोष्ट सांगितली आणि भर सभेत माझं हँडल फिरवून आकडा काढून दाखवला.

सर खुर्चीतून उठले. "तुमचा पहिला मसुदा वाचताना माहेरवाशिणींचा हाच प्रश्न माझ्या मनात आला होता. जुना आकडा ठेवला असतात तर प्रबंध परत पाठवणार होतो. अभिनंदन, डॉक्टर नीरजा!"

टाळ्यांचा नुसता कडकडाट! कृष्णरावांनी माझ्या पाठीवर थाप मारली. "वाह भिया, वाह!" इंदूरकर भावाला म्हणतात तसं म्हणाले आणि डोळे पुसायला खिडकीकडे वळले.

मित्रांनो, माणसं मोजाल तेव्हा घाई करू नका. ती कुठे राहतात, कुठून आली, एवढं तरी विचारा. आणि आम्हा जुन्यांना कपाटावर चढवू नका, कामाला लावा. मी आता डॉक्टर नीरजाच्या टेबलावर असतो, लॅपटॉपच्या शेजारी. त्याला रोज बजावतो, "भिया, जरा सरकून बस!"