काठावरून न दिसणारा वेळ

“जग पुढे चाललंय आणि तू मागे,” हिंजवडीच्या ऑफिसात साहेब मला म्हणाले. पाण्यात बुडी मारणाऱ्यांसाठीच्या एका महागड्या विलायती घड्याळाचं पुढचं रूप आम्ही आखत होतो, आणि मी त्यातला आकडे दाखवणारा पडदा काढून काचेभोवतीची जुनी फिरती कडी परत बसवली होती.

पडदा माझाच होता. पाण्यात किती मिनिटं झाली ते त्यावर दहा फुटांवरूनही दिसे, आणि त्याचा मला फार तोरा होता. आदल्या संध्याकाळी धायरीला घरी मी तो बाबांना दाखवला. अग्निशमन दलात असताना बुडालेल्यांना शोधायला ते पंचवीस वर्षं पाण्यात उतरले. उतरताना कडीवरची खूण मिनिटकाट्यावर आणायचे. किती वेळ गेला ते फक्त त्यांनाच कळायचं.

“दहा फुटांवरून वाचणार कोण, आम्रपाली?”

“कुणीही वाचेल, बाबा.”

“तेच म्हणतोय. मी दम घ्यायला वर यायचो, तेव्हा काठावर बुडालेल्या मुलाची आई उभी असायची. ती माझ्या मनगटाकडे बघायची.”

मी चिडले. “मग तिच्याशी खोटं बोलायचं?”

“बोलायचं काहीच नाही. परत बुडी मारायची.”