कुंकू लागलेली फ्लॉपी

"विरजण मागायला कोणी आलं तर नाही म्हणायचं नाही, अन् त्याचं मोलही घ्यायचं नाही." मंजुळाबाईंचं हे सांगणं त्यांच्या मुलाने, रतिलालने, लहानपणापासून ऐकलेलं. पुढे मीही ऐकलं.

मित्रांनो, मी एक जुनी फ्लॉपी आहे. तळहाताएवढी, काळी, चौकोनी. पूर्वी कॉम्प्युटरमधलं काम आमच्यावर उतरवून गावोगावी नेत. १९९६ साली धुळ्यात रतिलालने मला विकत घेतलं. तो कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायचा. वर्षभर खपून त्याने साक्षरता वर्गातल्या बायांसाठी एक प्रोग्राम लिहिला आणि माझ्यावर उतरवला. पडद्यावर मोठं अक्षर उमटे आणि ते कसं गिरवायचं तेही दिसे. त्यातला अक्षरं काढण्याचा भाग त्याला कुणा अनोळखी माणसाकडून मिळाला होता. सोबत चिठ्ठी होती: 'वापरा, बदला. आतलं लिखाण न लपवता पुढच्यालाही द्या.'

प्रोग्रामचं नाव झालं, तसे एका कंपनीचे साहेब आले. पुण्यात कायमची नोकरी देतो म्हणाले. मात्र प्रोग्राम कंपनीचा होणार, आतलं लिखाण लपवायचं, प्रत कुणालाही द्यायची नाही. रतिलालला ती नोकरी फार हवी होती. चार दिवस ते पत्र त्याच्या खिशात होतं. पाचव्या दिवशी त्याने ते परत पाठवलं.

शेजारचे झुलालआबा म्हणाले, "येडा शे का रे तू? लोक नोकरीना मांगे पयतस, नि नोकरी तुना मांगे येल शे तर तू दूर पयस."

"आबा, मले बी ते अक्षरनं काम फुकटच भेटेल व्हतं ना," रतिलाल म्हणाला.

मंजुळाबाईंनी त्या दिवशी त्याच्या भाकरीवर लोणी तेवढं जास्त घातलं.

पिंपळनेरचे उखर्डू गुरुजी आपल्या शाळेसाठी प्रत घेऊन गेले. मग क्लासचे जुने कॉम्प्युटर आतलं सारं पुसून विकले गेले आणि रतिलालजवळ मी एकटीच उरले. सोमवारी नशिराबादला बेबाबाईंचा साक्षरता वर्ग सुरू व्हायचा होता. प्रोग्राम पोचवतो, असा शब्द त्याने दिला होता.

त्याआधी दसरा आला. विळा, पावशी, शिलाई मशीन यांच्या शेजारी मंजुळाबाईंनी मलाही देव्हाऱ्याजवळच्या पाटावर मांडलं. मुलाचं अवजार ते! माझी पत्र्याची झाकणी सरकवून त्यांनी आतल्या तबकडीला हळदकुंकू लावलं, वर पाणी शिंपडलं. इतक्या मायेने मला कुणी हाताळलं नव्हतं. पण माझ्यावरचं सारं गेलं.

रतिलाल रागावला नाही. मंजुळाबाईंच्या डोळ्यांतलं पाणी मात्र खळेना.

मित्रांनो, आमच्यासारख्यांना पाण्यापासून, धुळीपासून जपा. पण नुसतं कुलपात ठेवून जपू नका. मी देव्हाऱ्याशेजारी असूनही वाचले नाही. जे दिलं होतं, तेवढंच पिंपळनेरला शिल्लक होतं.

दुसऱ्या दिवशी एकादशी होती. पूजा आटोपून मंजुळाबाईंनी एक कोरी फ्लॉपी कोरड्या फडक्यात गुंडाळली आणि पिशवीत ठेवली.

"कुठे चाललीस, माय?" रतिलालने विचारलं.

"विरजण मागाले," त्या हळूच म्हणाल्या, आणि चपला घालून पिंपळनेरच्या गाडीसाठी निघाल्या.