तिसरी बाटली

सासूबाईंच्या डाव्या डोळ्याचं ऑपरेशन होऊन चार दिवस झाले होते. डॉक्टरांनी वाकायला, जड उचलायला आणि जोराने खोकायला मनाई केली होती. पहिल्या दोन गोष्टी त्या संडासात चोरून करत होत्या. तिसरीची भीती मला होती, कारण त्यांना दमा होता.

आमचा फ्लश नीट चालत नव्हता. खटका दाबला की पाणी कमोडच्या कडेने रडतरडत उतरायचं आणि काम अर्धवट राहायचं. मग सासूबाई नळ बारीक सोडून, मला ऐकू जाऊ नये म्हणून, बादली भरायच्या आणि दोन्ही हातांनी उचलून ओतायच्या.

"आई, मला हाक मारायची ना," मी म्हटलं.

"तिथून हाक मारू? ती काय गप्पा मारायची जागा आहे?"

हा त्यांचा जुना नियम होता. संडासात असताना त्या कुणालाही ओ देत नसत. बाहेर घर पेटलं तरी चालेल. "मी आत असले की मी घरातच नाही असं समजायचं," त्या म्हणायच्या.

दुसराही एक नियम होता. बाहेर येण्यापूर्वी कमोडमध्ये ब्लीच ओतायचं. खिडकीच्या कट्ट्यावर त्यांच्या चार सारख्या बाटल्या भिंतीकडून ठरलेल्या क्रमाने असत. मोठ्या कॅनमधून त्या स्वतः भरायच्या: फरशीचं औषध, ॲसिड, ब्लीच, नीळ. त्यांवर लेबलं लावली होती मी. पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत नोकरी करते, लेबल नसलेली बाटली माझ्याने बघवत नाही.

प्लंबर येऊन "भांडंच बदला" म्हणून गेला होता. मला ते पटेना. शनिवारी दुपारी सासूबाई झोपल्यावर मी दार लावून घेतलं. बादलीभर पाणी एकदम ओतलं, ते एका घोटात गेलं. म्हणजे खालचा रस्ता मोकळा होता. टाकीचं झाकण काढलं, पाणी खुणेपर्यंत होतं. मग छोटा आरसा कमोडच्या काठाखाली धरला. तिथे ओळीने भोकं असतात, त्यांतून पाणी येतं. एकोणीस भोकं होती, त्यांतली चौदा पांढऱ्या क्षाराने बुजली होती. आमचं बोअरचं पाणी किती जड आहे हे आकड्यांत मला पाठ आहे, आणि तरी हे इतकी वर्षं सुचलं नव्हतं.

टाकीचा नळ बंद केला, टाकी रिकामी केली. टाकीच्या आत एक उभी नळी असते, जास्तीचं पाणी तिच्यातून खाली जातं. तिच्यात नरसाळं लावून ॲसिडची बाटली हळूहळू रिकामी केली. काठाखालून फसफस ऐकू आली. तासभर ठेवायचं होतं. खिडकी उघडली, रिकामी बाटली बाहेर ठेवली, कट्टा पुसून उरलेल्या तीन बाटल्या एकीला एक लावून ठेवल्या. दाराला कागद चिकटवला: "आत ॲसिड आहे. वापरू नये. दुसरं काहीही ओतू नये." शेवटच्या वाक्याखाली दोन रेघा ओढल्या. ॲसिडवर ब्लीच पडलं की क्लोरीन सुटतो. निरोगी माणसाचीसुद्धा छाती जाळतो.

टाकीच्या तळाचं रबर झिजलं होतं, म्हणून नवं आणायला कोपऱ्यावरच्या हार्डवेअरच्या दुकानात गेले.

दुकानदार शिडीवर होता. मी समोरच्या खोक्यातली रबरं उचलून बघायला लागले.

"ताई, वर पाटी काय लिहिलीय?"

"वस्तूंना हात लावू नये."

"वाचता येतं म्हणायचं. मला वाटलं, पाटी लावायची जागा चुकली." तो हसत खाली उतरला. "लावून काय उपयोग? ज्याला वाचायचं नाही तो वाचत नाही, आणि आमचे म्हातारे गिऱ्हाईक, त्यांना तर दिसतच नाही."

माझ्या हातातलं रबर खाली पडलं.

सासूबाईंच्या डाव्या डोळ्यावर पट्टी होती. उजव्यात मोतीबिंदू पिकला होता. गेले चार दिवस त्या भिंतीला हात लावून चालत होत्या.

रस्ता ओलांडताना कुणीतरी हॉर्न दिला, शिवीही दिली असावी. मी मनात हिशोब करत होते, थांबवता येत नव्हता. बाटलीत ब्लीच किती, ॲसिड किती, खोली चार फूट बाय पाच. खिडकी उघडी आहे, पण केवढीशी. त्यांचा दम्याचा पंप उशीपाशी असतो.

पलंग रिकामा होता. पंप उशीपाशीच होता.

संडासाच्या दाराला आतून कडी होती. माझा कागद डोळ्यांसमोर होता, माझं अक्षर सुवाच्य होतं.

"आई, काही ओतू नका. बाहेर या."

उत्तर नाही.

"आई, फक्त हो म्हणा."

दाराला कान लावला. बाटलीतून गटगट ओतल्याचा आवाज आला, बराच वेळ चालला आणि थांबला. मग एक खोकला. मग दुसरा. दाराखालून झोंबरा वास येत होता, पण तो ॲसिडचा की दुसरा हे मला कळेना. अकरा वर्षं वासावरून बाटल्या ओळखणारी मी, मला कळेना. मी दाराला खांदा मारला. कडी हलली, निघाली नाही. दुसऱ्यांदा मारला. आत आता खोकलासुद्धा नव्हता.

तिसऱ्यांदा मागे सरले तेवढ्यात कडी वाजली.

सासूबाई पदराला हात पुसत उभ्या होत्या. "काय गं, मोडतेस का दार? दोन मिनिटं धीर नाही?"

मी त्यांना दंडाला धरून बाहेर ओढलं, गॅलरीत नेऊन खुर्चीवर बसवलं, पंप हातात दिला. "छातीत जळतंय? श्वास घ्या. परत घ्या."

"जळायला काय झालंय? आज आत नाकाला झोंबत होतं, म्हणून रोजच्यापेक्षा जरा जास्तच ओतलं."

"काय ओतलं?"

"रोजचं. दिसत नाही तर काय झालं, बाटल्या माझ्या आहेत. भिंतीकडून तिसरी."

तेव्हा त्यांच्या बोटांकडे लक्ष गेलं. ती निळी होती.

आत जाऊन पाहिलं. कमोड काठोकाठ निळंशार होतं. कट्ट्यावर पहिली फरशीच्या औषधाची, दुसरी ब्लीचची, तिसरी नीळ, झाकण उघडं. ॲसिडची बाटली मी काढली होती आणि बाकीच्या सरकवल्या होत्या. रिकामी बाटली परत जागेवर ठेवली असती तर? दुसऱ्या बाटलीवरचं माझं लेबल मी कितीतरी वेळ वाचत होते. मग तिथेच ओल्या फरशीवर बसले.

संध्याकाळी नवं रबर आणून बसवलं, टाकी भरली आणि खटका दाबला. एकोणीस भोकांतून पाणी गरगरत आलं आणि सगळं घेऊन गेलं.

"झाला की," सासूबाई दारातून म्हणाल्या. "आणि माझं ब्लीच कुठाय?"

मी त्यांना सगळं सांगितलं. त्या बराच वेळ निळ्या बोटांवरून अंगठा फिरवत राहिल्या.

"मला उठवायचं होतंस," त्या म्हणाल्या. "कागदाला कशाला सांगितलंस?"

आता त्या आत गेल्या की मी बाहेरून हाक मारते. त्या बोलत नाहीत, नियम म्हणजे नियम. आतून मग बादलीवर दोनदा हात आपटतात. कधीकधी आपटायला उशीर होतो. तेव्हा मी दाराला हात लावून उभी राहते आणि वास घेते.