विलो बेंडची पायरी

हार्मन गावातल्या काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, कचेरीला दगडी पायरी नव्हती, लाकडी फळी होती. का, ते काउंटीतलं शेंबडं पोरही सांगेल. १८८७च्या हिवाळ्यात हार्मनवाल्यांनी, काउंटीचा कारभार आपल्या गावात यावा म्हणून, विलो बेंडची कचेरी, अख्खी लाकडी इमारत, ओंडक्यांवर चढवली आणि बत्तीस घोडे जुंपून चौदा मैल बर्फावरून ओढून नेली. पायरी तेवढी गोठलेल्या जमिनीतून निघाली नाही. पुढे ती एमिल कुबिचेकच्या घरी स्वयंपाकघराच्या दाराशी बसली.

एमिलची पुतणी, विलो बेंडमध्येच वाढलेली व्हर्ना, ही तीस वर्षं काउंटीची निवडून आलेली क्लार्क. जमिनींचे दस्त, लग्नाचे परवाने, निवडणुका, सगळं तिच्या हातून जायचं. यंदाचं मतदान मात्र खुद्द काउंटीच्या जिवावर बेतलेलं होतं: राहायचं, की शेजारच्या मोठ्या काउंटीत विलीन होऊन हार्मनची कचेरी बंद करायची? घोडं अडलं होतं विलो बेंडच्या त्रेचाळीस मतांपाशी, आणि ते गाव एमिलच्या शब्दाबाहेर नव्हतं. क्लार्कने प्रचार करायचा नसतो, म्हणून व्हर्ना रविवारी पुतणी म्हणून गेली.

“चोरांची कचेरी वाचवू मी?” एमिल कॉफीचा घोट घेत म्हणाला. “बुडू दे!”

“काका, बुडली तर काय इथं परत येणार आहे? साठ मैलांवर जाईल. मग भांडायला तरी कोण उरेल?”

“तुला काय! तू दरोडेखोरांची चाकरी करतेस.”

व्हर्नाच्या डोळ्यांत पाणी आलं. “चाकरी? तीस वर्षांत हार्मनमध्ये एक लग्न माझ्या सहीशिवाय लागलेलं नाही. कचेरी त्यांनी नेली, पण चालवतंय कोण? विलो बेंडच ना?”

एवढं बोलून व्हर्ना उठली. ती तशीच निघून आली.

मंगळवारी काउंटी एकतीस मतांनी तरली. विलो बेंडची त्रेचाळीसच्या त्रेचाळीस मतं काउंटीच्या बाजूने होती.

बुधवारी सकाळी व्हर्ना कचेरीपाशी आली. सवयीने फळीसाठी उचललेला पाय दगडावर पडला. मधोमध झिजलेला हा दगड ती लहानपणापासून ओळखत होती. बाजूला ट्रॅक्टर, ट्रॅक्टरवर एमिल. हार्मनचे चारजण टोप्या काढून उभे.

“उसनी दिलीय!” एमिल त्यांच्यावर गरजला. “कचेरी परत कराल, त्या दिवशी घेऊन जाईन.”

मग हळूच पुतणीला म्हणाला, “चढ, पोरी. दार आपलंच आहे.”