एकोणीस गुणांची मार्गदर्शिका

ज्याला आपल्या शब्दावाचून दुसरा आधार नाही, त्याला अर्धे सांगून पूर्ण सांगितल्याचा तोरा मिरवणे, हा असत्याचाच एक सभ्य प्रकार होय. तो अपराध माझ्या हातून घडला आहे. ज्यांनी तो घडवला आणि ज्यांनी त्याला गुण दिले, त्यांच्याविषयी माझ्या मनात आदर उरलेला नाही. तो उरला आहे असे दाखवण्याचे कष्टही मी घेणार नाही.

मित्रांनो, मी चार पानांची एक जुनी मार्गदर्शिका आहे. संगणकातला एक एआय मदतनीस लोकांचे दस्तऐवज दुरुस्त करतो. त्यासाठी त्याला एक साधन दिलेले असते. कोणता जुना मजकूर काढायचा आणि त्याजागी कोणता नवा घालायचा, हे त्याने सांगावे, की साधन तसा बदल करते. ते कसे वापरावे, हे त्याला मी शिकवीत असे. शंका आली म्हणून तो बिचारा कोणाच्या टेबलाशी जाऊ शकत नाही. मी सांगेन तेवढेच त्याला ठाऊक.

माझा जन्म एका दुपारी झाला. माझ्या जन्मदात्याला कार्यालयात सारे 'पंडित' म्हणत, आणि त्यालाही ते खरे वाटे. त्याने साधन एकदाही चालवून पाहिले नाही. मात्र 'सर्वांगपरिपूर्ण' हा शब्द पहिल्या परिच्छेदात शोभेल की दुसऱ्या, यावर त्याने अर्धा तास चिंतन केले. शेवटी दोन्हींत घातला.

मग मूल्यमापन झाले. तीन परीक्षकांनी स्वतंत्रपणे गुण द्यावेत, असा तिथला नियम. पहिल्याने माझी शीर्षके पाहिली, दुसऱ्याने पहिल्याचे गुण पाहिले आणि तिसऱ्याने घड्याळ पाहिले. वीसपैकी एकोणीस! तो एक गुण कशासाठी कापला, असे कोणी विचारले असते तर तिघांनाही घाम फुटला असता. माझे पहिले पान पिण्याच्या पाण्याच्या नळाशेजारी भिंतीवर झळकले. पेला भरेपर्यंत लोक माझी स्तुती करीत. वाचत मात्र कोणी नसे. त्या स्तुतीने मीही फुगले होते, हे लाजेने सांगते.

पुढे एका रुग्णालयाने हा मदतनीस मागवला. डॉक्टरांनी सांगितलेले बदल तो रुग्णांच्या औषधांच्या तक्त्यात करणार होता. त्याआधी शेवटची सही नव्या परीक्षक बाईंची हवी होती. त्या वीस वर्षे परिचारिका होत्या, म्हणून सारे त्यांना सिस्टरबाई म्हणत, आणि पाठीमागे हसत.

कार्यालयप्रमुख सकाळीच त्यांच्यापुढे उभे राहिले. "सिस्टरबाई, सही तेवढी ठोका. दुपारी द्यायचंय त्यांना. एकोणीस गुण आहेत हो!"

"गुण राहू द्यात, साहेब. वॉर्डात डॉक्टरांनी सांगितलेलं आम्ही मोठ्यानं परत म्हणून दाखवायचो, मगच औषधाला हात लावायचो. इथंही तसंच करू. पंडित, या इकडे. तुम्ही मदतनीस व्हा. या चार पानांत आहे तेवढंच करायचं, पदरचं काही घालायचं नाही."

पंडित मिशीत हसत संगणकापुढे बसला. बाईंनी नमुन्याचा एक तक्ता उघडून दिला. त्यात रक्तदाबाची अर्धी गोळी होती, आणि झोपेचीही अर्धी गोळी.

"रक्तदाबाची आता एक करा."

पंडिताने माझे वाक्य घोळून घोळून वाचले, 'जुना मजकूर द्यावा, नवा मजकूर द्यावा, साधन बदल करील.' जुना मजकूर म्हणून त्याने 'अर्धी गोळी' दिले, नवा म्हणून 'एक गोळी'. पडद्यावर उमटले: काम यशस्वी.

"झालं! यात काय अवघड आहे?"

"आता तक्ता वाचा. मोठ्यानं."

"रक्तदाबाची, एक गोळी. झोपेची..." पंडित अडखळला. "झोपेची, एक गोळी."

जुळणारा मजकूर जिथे जिथे सापडेल तिथे तिथे साधन तो बदलते, हे माझ्या चार पानांत कुठेच नव्हते. 'सर्वांगपरिपूर्ण' मात्र दोनदा होते.

"एवढं काय लिहायचं? कोणालाही कळतं!" पंडित उसळला.

"कोणाला? लिहिलंत तुम्ही, आणि तुम्हालाच नाही कळलं." बाईंचा आवाज चढला नाही. "झोपेची गोळी दुप्पट झाली की म्हातारं माणूस पलंगावरून उतरताना कोसळतं, पंडित. मी उचललीत अशी माणसं."

प्रमुख पुटपुटले, "मग दुपारचं काय?"

"दुपारी त्यांना कळवा, की तयार नाही."

आणि बाईंनी माझ्या कपाळी लाल शाईने शून्य लिहिले. आयुष्यात मला मिळालेला तो एकमेव प्रामाणिक गुण. खाली समासात त्यांनी लिहिले: 'साधन जुळणारा मजकूर सगळीकडे बदलते. म्हणून एकच जागा जुळेल इतके आजूबाजूचे शब्द द्यावेत. बदलानंतर तक्ता पुन्हा वाचावा.' ही वाक्ये पंडिताला स्वतःच्या हाताने नव्या मार्गदर्शिकेत उतरवावी लागली. त्याच तिघा परीक्षकांना मदतनीस होऊन एकेक तक्ता दुरुस्त करावा लागला, आणि वाचून दाखवावा लागला. तेव्हा कुठे सही झाली.

नळाशेजारचे पान उतरले. मी आता बाईंच्या खणात आहे. अंगावर 'रद्द' असा शिक्का आहे. मित्रांनो, उद्या तुमच्याही हाती कोणाचे तरी काम तपासायला येईल. त्याची शीर्षके पाहून माना डोलावू नका. तिथे सांगितले आहे तसे एकदा स्वतः करून पाहा, आणि मगच गुण द्या.

पंडिताला आपले लिहिलेले दुसऱ्याच्या कानांनी ऐकू येवो. बाईंची लाल शाई न आटो. आणि ज्यांच्या तक्त्यावर अर्धी गोळी अर्धीच राहिली, त्या अनोळखी रुग्णांना शांत झोप लागो, व सकाळी आपल्या पायांनी उठता येवो.