मूठ नसलेला व्हॉल्व्ह

माझ्या नवऱ्याला, मुंझिरला, जगातल्या प्रत्येक नव्या यंत्राबद्दल मत असतं. नोकरी विमा कंपनीत, आपटलेल्या गाड्यांची पाहणी करायची. पण सकाळी चहात मरमिय्याची सुगंधी पानं टाकली की फोन हातात घेऊन तो आधी तंत्रज्ञानाच्या बातम्या वाचणार. कोणती कंपनी कुणी विकत घेतली, कोणत्या फोनची बॅटरी फुगते, कुठल्या शास्त्रज्ञांनी काय शोधल्याचा दावा केला. मग अम्मानमधल्या आमच्या ताबरबूर वस्तीच्या शेजाऱ्यांच्या ग्रुपवर तो चार ओळी लिहितो. आवेश नाही, शिव्या नाहीत. ‘हे चांगलं आहे, पण घाई करू नका’ किंवा ‘यात तथ्य दिसत नाही’, असं.

लोक त्याचं ऐकायचे. तळमजल्यावरच्या उम्म हाझिमनं तर त्याला विचारल्याशिवाय फोनवरचं एक बटण दाबलं नसतं. नवरा गेल्यावर तिनं घरातच स्वयंपाकाच्या ऑर्डरी घ्यायला सुरुवात केली होती. द्राक्षाच्या पानांच्या गुंडाळ्या, भरलेली कोबी, शुक्रवारी मोठमोठ्या पातेल्यांतून मांस-भाताचा मकलूबा. गिऱ्हाइकांनी फोनवर ऑर्डर कशी द्यायची, हेही मुंझिरनंच तिला लावून दिलं होतं.

तर किनान. हा मुंझिरच्या जुन्या सहकाऱ्याचा मुलगा, इंजिनिअर झालेला, उंच, बारीक, बोलताना सारखा चष्मा वर सरकवणारा. त्यानं आणि त्याच्या दोन मित्रांनी ‘सबील’ नावाचं यंत्र काढलं होतं. अम्मानमध्ये नळाला पाणी आठवड्यातून एकदा येतं, तेव्हा गच्चीवरच्या टाक्या भरून घ्यायच्या आणि पुढच्या पाळीपर्यंत पुरवायच्या. कधी पाणी उशिरा येतं, कधी टाकी वाहून जाते, कधी वरच्याची भरते नि खालच्याची कोरडी राहते, आणि मग जिन्यात भांडणं. सबील टाकीत किती पाणी आहे ते फोनवर दाखवायचं, पाणी आलं की आपोआप व्हॉल्व्ह उघडायचं आणि प्रत्येक घराच्या टाकीला सारखा वाटा द्यायचं.

पहिलं यंत्र आमच्याच गच्चीवर लागलं. किनान कितीतरी संध्याकाळी आमच्याकडे बसायचा, मी त्याला जेवायला घालायची आणि हे दोघं टाकीच्या बाजूला उकिडवे बसून गप्पा मारायचे. मुंझिरनं महिनोन्‌महिने ते वापरून पाहिलं, चुका दाखवल्या, आणि मग ग्रुपवर लिहिलं, की आपल्या शहराची अडचण समजलेल्या माणसांनी केलेली ही वस्तू आहे, घ्यायला हरकत नाही. इमारतीतल्या सगळ्यांनी घेतलं. जुने बॉलकॉक काढून टाकले.

पुढे सुधारलेलं यंत्र आलं, तेही आम्ही सगळ्यांनी बसवलं, त्यात व्हॉल्व्हला हातानं फिरवायची मूठ नव्हती. उम्म हाझिमनं विचारलं, की मूठ का काढली? मुंझिरनं तिला समजावलं होतं, की मूठ असली की प्रत्येक जण वर जाऊन आपापली फिरवतो आणि वाटणी बिघडते. हे खरंच होतं. आमच्या वरच्या मजल्यावरचा दातांचा डॉक्टर, फव्वाज, नेमकं तेच करायचा.

ऑगस्टमध्ये एका सोमवारी सकाळी मुंझिरनं मला स्वयंपाकघरात येऊन बातमी वाचून दाखवली. दुबईच्या एका मोठ्या कंपनीनं सबील विकत घेतलं होतं. आपल्या पोरांनी केलेली वस्तू एवढ्या मोठ्या कंपनीला हवीशी वाटली, म्हणून त्याचा चेहरा असा फुलला होता, की जणू आमच्या लेकराचं, नवारचंच लग्न ठरलंय. त्यानं किनानचं अभिनंदन करणारा लांबलचक मजकूर लिहिला, त्याखाली सगळ्या ताबरबूरनं फुलं आणि टाळ्या टाकल्या. फव्वाजनंसुद्धा.

आमची पाण्याची पाळी गुरुवारची. त्या दिवशी आम्ही बायका लवकर उठतो. चादरी, पडदे, फरशा, सगळं गुरुवारी. रस्त्यावरच्या मुख्य नळातून पाण्याचा घरघराट ऐकू आला, मी मशीन लावलं, आणि थोड्या वेळानं मशीन मधेच थांबलं. टाकीत तळाला होतं तेवढंच पाणी होतं. वरून काही पडत नव्हतं.

फोनवर सबीलच्या जागी एक नवंच पान आलं होतं. सेवा आता नव्या घरी हलवली आहे, तुमचं यंत्र जुन्या प्रकारचं असल्यानं नव्या सेवेत चालणार नाही, तुमच्या विश्वासाबद्दल आभार. खाली एक हसरा थेंब काढलेला होता.

मुंझिर गच्चीवर धावला. मी त्याच्या मागून. व्हॉल्व्ह बंद आणि त्याला धरायला काहीच नाही. गुळगुळीत पांढरी डबी. खाली नळात पाणी वाहत होतं, ते आम्हाला ऐकू येत होतं, पण आमच्या टाकीत येत नव्हतं. एकेक करून सगळे वर आले. फव्वाजनं पान्यानं डबी फिरवायचा प्रयत्न केला, तर ती चिरली आणि तरीही उघडली नाही. प्लंबरला फोन केला. गुरुवारी सकाळी प्लंबर कुणाला मिळतो? मुंझिरनं कंपनीच्या मदतीच्या क्रमांकावर लिहिलं. तिथून लगेच उत्तर आलं. यंत्रानंच दिलेलं. तुमचा प्रश्न आमच्यासाठी महत्त्वाचा आहे.

मग त्यानं जे केलं, त्याचा मला अजून राग येतो. तो पाण्याच्या टाकीच्या सावलीत बसला आणि घडलेलं सगळं त्याच्या तंत्रज्ञानवाल्या मोठ्या गटात लिहिलं. देशभरातले हजारो लोक आहेत त्यात. कुणीतरी उपाय सांगेल, असं त्याला वाटलं. भराभर उत्तरं यायला लागली आणि तो वाचत बसला. एक म्हणाला, की दुसऱ्याच्या संगणकावर चालणारी वस्तू घरात लावणाऱ्याचीच चूक आहे. दुसरा म्हणाला, की धंदा म्हटला की हे होणारच. तिसऱ्यानं युरोपात याविरुद्ध कसा कायदा व्हायला हवा, यावर निबंध लिहिला. कुणीतरी किनानची बाजू घेतली, कुणीतरी किनानच्या बापालाही मधे ओढलं. मुंझिर प्रत्येकाला सभ्यपणे उत्तर देत होता.

“मुंझिर, पाणी जातंय,” मी म्हटलं.

“एक मिनिट. हा माणूस म्हणतोय की बोर्डाला थेट वीज दिली तर कदाचित—”

“कदाचित. इथे एवढे लोक मतं देतायत, त्यातल्या एकाच्या तरी हातात पाना आहे का?”

त्यानं फोन खाली ठेवला, पण तोवर रस्त्यावरचा आवाज बारीक होत चालला होता. दुपारपर्यंत पाणी थांबलं. पुढची पाळी आठवड्यानं.

उम्म हाझिमकडे दुसऱ्या दिवशीच्या दोन मोठ्या ऑर्डरी होत्या, एक तर साखरपुड्याची. पानं धुवायला, तांदूळ भिजवायला, पातेली घासायला पाणी लागतं. टँकरवाल्याला फोन केला, तर उन्हाळ्यात सगळं अम्मान त्याच्यामागे लागलेलं. शनिवारच्या आधी येणार नाही म्हणाला. तिनं दारात उभं राहूनच गिऱ्हाइकांना फोन केले. साखरपुड्याच्या बाईनं तिला काय काय ऐकवलं, ते मला जिन्यातून ऐकू येत होतं, कारण उम्म हाझिमला कमी ऐकू येतं आणि ती फोनचा आवाज मोठा ठेवते.

फोन ठेवून तिनं मुंझिरकडे पाहिलं. “बाबा रे, मी तुला मुठीचं विचारलं होतं.”

एवढंच. मुंझिरची मान खाली गेली.

संध्याकाळी त्यानं किनानला फोन लावला. मला वाटलं होतं, तो उचलणार नाही. पण त्यानं उचलला, आणि आवाजावरूनच कळलं की पोरगं दिवसभर असले फोन घेतंय. मुंझिरनं फोन टेबलावर ठेवला, म्हणजे मलाही ऐकू यावं.

किनान म्हणाला, की जुनी यंत्रं नव्या जागी हलवायला खर्च येतो आणि नव्या मालकांना तो करायचा नाही. त्यानं बैठकीत विरोध केला होता. त्याला सांगितलं होतं, की आधी लोकांना कळवू, मग बंद करू. कळवणं आणि बंद करणं एकाच सकाळी झालं.

“निदान आमची इमारत उघड,” मुंझिर म्हणाला. “तू केलेलं यंत्र आहे. एकदा उघड, मग आम्ही काढून टाकतो.”

“काका, सही झाली त्याच दिवशी माझ्याकडून सगळ्या किल्ल्या काढून घेतल्या. मी आता तिथे नोकर आहे. माझ्या आईच्या घरचासुद्धा बंद आहे.”

मग किनान अडखळत म्हणाला, “तुमचा मजकूर इथल्या लोकांनी पाहिला. तुमचं नाव त्यांना माहीत आहे, आपल्या पहिल्या जाहिरातीत तुमचं वाक्य होतं ना. मला विचारतायत, की हे तुझ्याच ओळखीचे ना. काका, तुम्ही फक्त एवढं लिहाल का, की चालू होतं तोवर चांगलं चाललं?”

मला वाटलं, आता मुंझिर त्याचा कान उपटेल. मी तरी उपटला असता.

“ते खरंच आहे,” मुंझिर म्हणाला. “लिहितो.”

आणि त्यानं खरंच लिहिलं, मोठ्या गटातही आणि आमच्या ग्रुपवरही. तेवढंच वाक्य नव्हे. यंत्र चांगलं होतं, करणारी मुलं प्रामाणिक होती, आमच्या इमारतीतली भांडणं त्यानं थांबवली होती. ते विकलं गेलं आणि विकत घेणाऱ्यांनी आम्हाला पाण्याविना टाकलं, आणि हे यंत्र घ्या असं सांगणारा मी होतो. यातली एकही गोष्ट खोटी नव्हती. पण शेजाऱ्यांनी पहिला अर्धाच भाग वाचला. पाण्याविना बसलेल्या माणसानं त्याच यंत्राची स्तुती का वाचावी? फव्वाजनं ग्रुपवर मुंझिरला विचारलं, की अबू नवार, तुम्हाला या कौतुकाचे किती मिळाले? कुणीही त्याला गप्प केलं नाही. ज्याच्या आईला मागे एका खोट्या औषधाच्या जाहिरातीपासून मुंझिरनं सावध करून वाचवलं होतं, तो समोरच्या इमारतीतला माणूसही गप्प बसला.

मीही त्याच्यावर चिडले. “तुला एकदा तरी एका बाजूनं बोलता येत नाही का?” मी म्हटलं. तो म्हणाला, की दोन्ही बाजू खऱ्या असतील तर काय करू. मी कोरड्या बेसिनमध्ये ताटं आपटली. धुता येत नव्हतीच.

शुक्रवारी पहाटे तो उठला, घरातले सगळे प्लास्टिकचे कॅन गाडीत घातले आणि शहराच्या दुसऱ्या भागात, मार्काला, त्याच्या बहिणीकडे गेला. तिथं पाळी वेगळ्या दिवशी असते. कॅन भरून आणले आणि आधी उम्म हाझिमच्या दारात उतरवले. मग पुन्हा गेला. असं तो दिवसभर करत राहिला. उम्म हाझिमनं पाणी घेतलं, त्यात निदान एक लहान ऑर्डर तरी पूर्ण केली. पण तिनं त्याला आत बोलावलं नाही. कॉफी विचारली नाही. आमच्याकडे कुणी पाण्याचा कॅन घेऊन आलं आणि त्याला कॉफी विचारली नाही, म्हणजे काय ते मुंझिरला कळत होतं. तो कॅन खाली ठेवायचा, सलाम करायचा आणि जिना चढायचा.

शनिवारी टँकर आला. रविवारी प्लंबर आला आणि त्यानं सगळ्या पांढऱ्या डब्या कापून काढल्या, तिथे साधे बॉलकॉक बसवले. दुबईच्या कंपनीकडून एक पत्र आलं, की जुन्या, निष्ठावान ग्राहकांना नवं यंत्र सवलतीत मिळेल. मुंझिरनं ते ग्रुपवर टाकलं नाही. तो ग्रुपवर काहीच टाकेनासा झाला. सकाळी बातम्या वाचायचा, पण स्वतःशीच. बातमी मोठ्यानं न वाचणारा मुंझिर मला घरात परक्यासारखा वाटायला लागला.

पुढच्या गुरुवारी पाणी आलं. मशीन चालू झालं, जिन्यातून साबणाचं पाणी ओघळायला लागलं, तळमजल्यावर उम्म हाझिम पातेली घासत होती. मुंझिर कुठे दिसेना म्हणून मी गच्चीवर गेले. तो टाकीला पाठ टेकून उभा होता. आत पाणी पडत होतं.

“ते यंत्र चांगलं होतं, सुहाद,” तो म्हणाला.

“माहीत आहे मला.”

“वाईट असतं तर बरं झालं असतं. वाईट गोष्टीला वाईट म्हणून मोकळा झालो असतो. आता मी लोकांना सांगू काय? वस्तू बघू नका, ती उद्या कोण विकत घेईल ते बघा? ते कुणाला कळतं? मला कळलं नाही. मी तर अभिनंदन केलं.”

मी त्याला म्हटलं, की फव्वाज सकाळपासून दोनदा वर येऊन स्वतःच्या टाकीचा नळ मोठा करून गेलाय, आणि आपल्या टाकीत पाणी कमी पडतंय. मुंझिरनं वाकून पाहिलं. खरंच होतं. त्यानं पाना उचलला, फव्वाजचा नळ पुन्हा होता तसा केला, आणि फव्वाजशी भांडायला खाली गेला.